दोन घरांची कानबाई

त्या श्रावणात मला एका जागी बसवत नव्हतं. वर्गात फळ्यासमोर उभी असले की घरचं सुचायचं आणि घरी पोळ्या लाटायला घेतल्या की वर्गातलं. मधेच उठून गॅलरीत जायचे, समोरच्या खात्यातला, म्हणजे लूम्सच्या कारखान्यातला, खटखटाट ऐकायचे, काहीही न बघता परत आत यायचे. मोठी मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायची, "मम्मी, शांतिथी बेस ने." आमच्या मुली रागावल्या की गुजरातीत बोलतात आणि लाडात आल्या की हिंदीत. मराठी त्यांनी आजीसाठी राखून ठेवलीय आणि आजी तर अहिराणीशिवाय बोलत नाही.

मला शांतपणे बसता येत नव्हतं, कारण आमची कानबाई मोडायला आली होती.

खानदेशातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. एक जुना नारळ, त्याला डोळे, नथ, मंगळसूत्र, अंगावर खण. तीच देवी. त्या दिवशी पुरणपोळी, खीर, लाल भोपळ्याची भाजी असा जो स्वयंपाक होतो त्याला रोट म्हणतात आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा असतो. शेजाऱ्याला द्यायचा नाही, लग्न झालेल्या लेकीलासुद्धा नाही. रोटाचे गहू आदल्या दिवशी, शनिवारी, मुठीने मोजतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, ज्याची त्याची नावं घेऊन. ज्याची मूठ पडली तो आपला. भावाभावांत घरं वेगळी होतात, चुली वेगळ्या होतात, त्याचं कोणी फार मनाला लावून घेत नाही. पण रोट वेगळा झाला की संपलं. आमच्यात असं मानतात की वेगळा झालेला रोट पुन्हा जोडता येत नाही.

माझे सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ गाव सोडून सुरतला आले तेव्हा कानबाईही त्यांच्याबरोबर आली. सासरे उधन्याला राहिले, चुलत सासरे पुढे नवागामला गेले. दोघांना दिलेल्या बायका सख्ख्या बहिणी. म्हणजे माझ्या सासूबाई आणि नवागामच्या चुलत सासूबाई एकाच आईच्या. धाकटीला आमच्या घरात सगळेच मावशी म्हणतात. दोघे भाऊ गेले तरी या दोघी दरवर्षी रोटाच्या दिवशी एकाच ताटात जेवत आल्या. पहिला घास कोणी कोणाला भरवायचा यावरून दोघींत लटकं भांडण व्हायचं, तेवढंच काय ते आमच्या भाऊबंदकीतलं गोड भांडण.

कानबाई एक, घरं दोन. मग त्या भावांनी एक कायदा केला. एक वर्ष तिकडे बसवायची, एक वर्ष इकडे. जिथे बसली तिथे नारळ वर्षभर राहील आणि दागिन्यांची डबी दुसऱ्या घरी जाईल. त्यामुळे देवी एकाकडे, नथ दुसऱ्याकडे. एकट्याने बसवू म्हटलं तर बसवता येणार नाही. दोघे चौथी-पाचवी शिकलेले, पण मी एम.ए.ला राज्यशास्त्राच्या पुस्तकांत जे वाचलं त्यात याहून हुशारीची घटना मला आढळली नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी लिहून नाही तरी निदान सांगून ठेवायला हवी होती. एखादं वर्ष बुडालं तर काय करायचं?

ते वर्ष बुडालं. नंबर आमचा होता. घर रंगवलं, पडदे बदलले, केळीचे खांब सांगून ठेवले आणि तेवढ्यात गावी एकटे राहणारे एक चुलत सासरे वारले. सुतक आलं. कानबाई बसलीच नाही. नारळ नवागामच्या कपाटात राहिला, डबी आमच्या.

पुढच्या श्रावणात आमचे हे म्हणाले, "आपला नंबर राहिलाय. यंदा आपल्याकडे."

नवागामचा दीर, मावशींचा मुलगा, म्हणाला, "तुमचा नंबर गेला. गेल्या वर्षीचा तुमचा, यंदाचा आमचा."

दोघांचंही बरोबर. हाच तर घोळ होता.

मी शाळेत समाजशास्त्र, इतिहास, नागरिकशास्त्र असं सगळंच शिकवते. मराठी माध्यमाची शाळा, वर्ग दरवर्षी अर्ध्यावर येतात, पण जी मुलं आहेत ती प्रश्न विचारतात. त्याच आठवड्यात संघराज्य शिकवताना मी त्यांना एका देशाची गोष्ट सांगितली. युरोपात दोन प्रजासत्ताकांचा मिळून एक संघ होता. एक मोठं, एक अगदी लहान. मोठं म्हणायचं, माणसं आमची जास्त. लहान म्हणायचं, संघ माणसांचा नाही, दोघांचा आहे, म्हणून आम्ही बरोबरीचे. शेवटी लहान्याने मतदान घेतलं आणि ते बाजूला झालं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, पण मग भांडण सोडवायला कोणी नव्हतं?" मी म्हटलं, तिघे असले तर एक जण मधे पडतो, दोघांतच जमवायचं असेल तर तिसरं मत आणायचं कुठून? हे बोलून मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. वर्गाला वाटलं मी उत्तर देतेय. मी नवागामचा विचार करत होते.

बैठक आमच्याकडे झाली. आधी दीर म्हणत होता तुम्ही या, हे म्हणत होते थोरल्यांकडे धाकट्यांनी यायचं असतं. त्यातच आठवडा गेला. शेवटी मावशींनी त्याला पिटाळलं असावं. तो आला, बुटांसह दारात उभा राहिला, मग बूट काढून आत आला. त्याची दोन भरतकामाची यंत्रं आहेत, धंदा बरा चाललाय, अंगात थोडा तोराही आहे. आमचे हे सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. दिवसभर दुसऱ्यांना ओरडून घसा बसलेला, घरी आल्यावर उरलेला घसा भाऊबंदकीला.

मी चहा ठेवला आणि जायचं सोडून तिथेच उभी राहिले. सासूबाई आत चवळीच्या शेंगा निवडत होत्या. दार उघडं होतं, सगळं ऐकू जात होतं.

पहिला चहा होईपर्यंत दोघे मराठीत बोलले. दुसऱ्या चहाला हिंदीवर आले. सुरतेत आमच्या पुरुषांचं हिंदी सुरू झालं की समजायचं, आता घोडं अडलं.

"भाई, सीधी बात है," दीर म्हणाला. "आमच्याकडे मुठी किती पडतात? मी, माझे दोन भाऊ, आमची पोरं. तुमच्याकडे मूठ एक. एका मुठीसाठी किती नंबर मागायचे?"

ह्यांची मान खाली. एवढं ओरडणारा माणूस, पण त्या वाक्यावर त्यांना शब्द सापडला नाही.

मला मात्र सापडला. मला दोन मुली आहेत. एक कॉलेजात जाते, एक दहावीला आहे, दोघी रोट खातात आणि गव्हात त्यांचं नाव कधी आलेलं नाही. लग्न झाल्यापासून मी दर श्रावणात ती एक मूठ पडताना बघते आणि दर श्रावणात दात-ओठ खाते. मी म्हटलं, "दोन घरांत बायका सगळ्या मिळून पुरुषांपेक्षा जास्त आहोत. पुरण आम्ही वाटतो, रात्र आम्ही जागतो, देवी डोक्यावर आम्ही नेतो. आम्हाला मत द्या. एका दमात निकाल लागेल."

दीर हसला. वाईट नाही हसला, पण हसला. "भाभी, ही तुमची शाळा नाही."

आणि माझे हे, ज्यांच्या बाजूने मी बोलत होते, ते म्हणाले, "तू आत जा."

मी आत गेले. सासूबाईंनी वर बघितलं नाही. एक शेंग तोडली आणि म्हणाल्या, "गरम हुई गया का चहा?" एवढंच. मला त्यांचा इतका राग आला की मी शेंगांचं ताट त्यांच्या पुढ्यातून ओढून घेतलं आणि जाडजूड, वाकडंतिकडं तोडायला लागले.

त्यानंतर सगळं लहान मुलांसारखं झालं. मोबाइलवर आमचा भाऊबंदांचा ग्रुप होता, त्याचे मालक आमचे हे. दीर त्यातून बाहेर पडला आणि त्याने त्याच नावाचा दुसरा ग्रुप काढला. आम्हाला त्यात घेतलं नाही. ह्यांनी बाजारातून शेंडीचा नवा नारळ आणला. "देवी काय, श्रद्धेने बसवली की बसते." मी म्हटलं, "मग नारळावरून भांडता कशाला?" त्यावर जेवण होईपर्यंत बोलणं बंद. तिकडे दिराने नवी नथ घेतल्याची बातमी आली. एका घरात दागिने आणि कोरा नारळ, दुसऱ्या घरात देवी आणि कोरी नथ. हसावं की रडावं कळत नव्हतं. जाऊबाईशी, म्हणजे दिराच्या बायकोशी, माझं बोलणं तसंही फार नव्हतं. ती इथेच जन्मलेली, गुजराती शाळेत शिकलेली, मला दचकून असायची. आता तेही थांबलं. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. बारशाला माझ्या शाळेच्या परीक्षा होत्या आणि मग हा वाद, मी गेलेच नव्हते.

 सासूबाई जेवताना अर्धी भाकरी ठेवून उठायला लागल्या. एकदा संध्याकाळी मी विचारलं, "रोट वेगळा झाला तर तुम्ही मावशींकडे जेवाल ना?" त्या म्हणाल्या, "कसं जेवसू? रोट दुसरा हुई गया तर ती बहीण मनी, ताट मनं नही." आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. तेव्हा मला नीट कळलं. दोन पुरुषांचा मान अडकला होता, पण तुटणार होतं ते त्यांचं ताट. नंतर त्या आयुष्यभर एकमेकींकडे येतील, चहा पितील, दुखलं-खुपलं विचारतील, आणि वर्षातला तो एक घास मात्र कधीच नसेल.

शनिवार आला. सकाळी हे मिलवर गेले. जाताना सांगून गेले, "दुपारी येतो, मग मूठ मोजू." एक मूठ. तिला किती वेळ लागणार होता?

त्यांची गाडी गल्लीतून वळली तशा सासूबाई उठल्या. जांभळं लुगडं नेसल्या, कपाट उघडलं, दागिन्यांची डबी काढली.

"चाल व माय," त्या मला म्हणाल्या. "नवागाम."

"ह्यांना न विचारता?"

"बारी कोनी शे ते माणसे ठरावोत. मुठी आज मोजनी पडी."

रिक्षात आम्ही चौघी बायका दाटीने बसलो होतो, दोन अनोळखी. सासूबाईंनी डबी पदराखाली दोन्ही हातांनी धरली होती. मी सारखी मोबाइल बघत होते, ह्यांचा फोन आला तर काय सांगायचं ते ठरवत होते. पुलावर रिक्षा अडकली आणि मला उतरून चालत सुटावंसं वाटलं. पुढे जायला की मागे, ते मात्र कळत नव्हतं.

दार उघडंच होतं. मावशी परातीत गहू घेऊन बसल्या होत्या, पण हात लावलेला नव्हता. शेजारी नव्या नथीची पेटी तशीच बंद. त्यांनी वर बघितलं.

"उनी का व बहीण?"

"उनी."

सासूबाईंनी डबी परातीशेजारी ठेवली. दीर आतल्या दारात येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटलं. जाऊबाई बाळाला कडेवर घेऊन त्याच्या मागे.

मला वाटलं, आता दोघी बहिणी मोजतील. दरवर्षी त्याच मोजतात. पण सासूबाईंनी माझा दंड धरून मला परातीपुढे बसवलं आणि जाऊबाईला हाक मारली. तिने बाळ दिराकडे दिलं आणि समोर बसली.

"तिना माणसे तू मोज," सासूबाई मला म्हणाल्या. "तुना माणूस ती मोजी. आम्ही मरी गयात तर कोन मोजी?"

मावशी मान हलवत होत्या. हे दोघींनी आधी ठरवलं होतं की त्या क्षणी सुचलं, मला अजून माहीत नाही. विचारलं तर दोघी हसतात.

मी गव्हात हात घातला. गहू गार होते. दिराच्या नावाने पहिली मूठ टाकली. मूठ आणि वर चिमटीने पाव. मला हसलेला माणूस, त्याचं नाव घेऊन देवीपुढे गहू टाकायचे. माझा आवाज जरा कडक लागला असेल, पण मूठ मी भरून टाकली. मग त्याच्या दोन्ही भावांची. मग मुलांची, एकेक नाव घेत. शेवटी बाळ राहिलं आणि माझा हात थांबला.

मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

वर्गात मी हजेरी घेते तेव्हा रजिस्टरकडे बघत नाही, मुलांची नावं मला पाठ असतात. आणि माझ्याच भाऊबंदकीतल्या बाळाचं नाव मला ठाऊक नव्हतं.  दीर बाळाच्या डोक्याकडे बघत होता. माझे कान तापले.

जाऊबाईने हळूच नाव सांगितलं. मी ते मोठ्याने म्हटलं आणि मूठ टाकली. ती मूठ माझ्याकडून सगळ्यांत मोठी पडली.

मग तिची पाळी. एकच मूठ. तिने गहू उचलले आणि तीही थांबली. मला वाटलं, आता ही ठेवून देणार. बैठकीतलं सगळं तिच्या कानावर गेलं असणार. ग्रुपवर ह्यांनी लिहिलेलं तिने वाचलं असणार. दीर दारात ताठ झाला होता. पण तिचा घोळ निराळाच होता. आमचे हे तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठाचं नाव सून तोंडाने घेत नाही, निदान या दोन म्हाताऱ्यांसमोर तरी नाही. एरवी अशा वेळी मुलाच्या नावाने सांगतात, अमक्याच्या बापाची मूठ. आमच्या घरात अमका नव्हता.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या मोठ्या मुलीचं नाव घेतलं. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तिच्या पप्पांची मूठ," ती म्हणाली. मूठ टाकली. वरून चिमटी.

मी बैठकीत भांडले होते, वर्गात व्याख्यानं दिली होती, एवढी वर्षं दात-ओठ खाल्ले होते. आणि माझ्या मुलीचं नाव त्या गव्हात आलं ते असं, एका लाजऱ्या बाईला दुसरं नाव घेता येईना म्हणून. मी रडले. लपवलं नाही. मावशी म्हणाल्या, "इले पानी दे व कोनी," आणि दीरच पाणी घेऊन आला. एका हातात बाळ, एका हातात पेला.

घरी पोचले तेव्हा हे आलेले होते. टेबलावर नवा नारळ, त्याला हळदीकुंकू लावायचं राहिलेलं. सासूबाई सरळ आत जाऊन पडल्या. मला एकटीला पुढे करून.

"डबी कुठाय?"

"नवागामला. मुठी मोजून आलो. तुमचीही पडली."

त्यांचा चेहरा लाल झाला. "कोणाला विचारून? मी येणार नाही तिकडे. एका मुठीचा माणूस म्हणाला तो मला. माझी मूठ टाकली तरी कोणी?"

मी सांगितलं. कशी टाकली तेही सांगितलं, जाऊबाई कशी अडली आणि कोणाचं नाव घेतलं ते.

सोफ्यावर मोठी मुलगी मोबाइल बघत होती. तिने तो उलटा ठेवला. "मारुं नाम?"

"हो."

"घऊंमां?"

"गव्हात. सगळ्यांसमोर."

ती उठून बसली. मग वडिलांकडे वळली आणि, आमच्या घरात कधी नव्हे ते, आजीच्या खोलीतही ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाली, "पप्पा, उद्या आपण जायचं. माझ्या नावाची मूठ आहे."

"मूठ माझी आहे," हे म्हणाले. "नाव तुझं."

"मग दोघं जाऊ."

 हे उठले, नारळ उचलून स्वयंपाकघरात फडताळावर ठेवला आणि आंघोळीला गेले.

पुढच्या वर्षी नंबर कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही. हे म्हणतात आमचा, दीर म्हणतो बघू. ग्रुप अजून दोन आहेत आणि माझी गॅलरीतली ये-जा चालूच आहे. पण जाऊबाईचा फोन येतो, बाळाला दात आले की, ताप आला की. आणि त्या रविवारी सकाळी नवागामला जायला रिक्षा गल्लीत आली तेव्हा ह्यांनी अजून चपला घातल्या नव्हत्या, सासूबाई जिना उतरत होत्या, आणि माझी मुलगी सगळ्यांच्या आधी जाऊन आत बसली होती.